नोव्हात ट्रकचं इंजिन का बसवलं: एका रागावलेल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

नोव्हातलं इंजिन बदलल्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मुद्दा थोडक्यात असा: "अरे, अरबी घोड्याच्या टांग्याला रेडा जुंपलास. 1972 ची शेव्हरोले नोव्हा, तिचं मूळ इंजिन काढून पिकअप ट्रकचं घातलंस, वर कॉम्प्युटर. यात कारागिरी कसली? आणलं, बसवलं, झालं." तुमच्याकडे स्वतःची 1970 ची कॅमेरो आहे, मूळ 350 (घनइंचांचं इंजिन) आणि क्वाड्राजेट कार्ब्युरेटरसकट, असंही तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे हा राग ऐकीव नाही, हात काळे केलेल्या माणसाचा आहे. म्हणूनच तो मनाला लागला.

आधी "मूळ इंजिन" या शब्दांपाशी थांबतो, कारण सगळा वाद तिथेच आहे.

गाडी घरी आली त्या रात्री मी इंजिनाच्या उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढची ती छोटी सपाट पट्टी शोधली. तुम्हाला ठाऊकच आहे, गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाचा, तुकडा तिथे ठोकलेला असतो. वायर ब्रशने तेलाची पुटं काढली, क्लीनर मारला, टॉर्च आडवा धरला आणि बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. पट्टी आरशासारखी गुळगुळीत. कधीतरी कुणी ब्लॉकचा माथा मशीनवर घासून घेतला होता आणि आकडे त्याबरोबर गेले होते. मग व्हीआयएन पाहिला. 1972 ते 1980 च्या शेव्हरोलेच्या व्हीआयएनमधलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. माझ्या गाडीत तिथे एफ आहे, म्हणजे 307. मशिनिस्टने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला तर 4.060 इंच. 307 चा बोअर 3.875 इंच असतो. म्हणजे बॉनेटखाली होतं ते कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं 350, तेही इंचाच्या साठ हजारांशांनी बोअर मारून (आतून रुंद करून) झालेलं, आणि सातव्या सिलिंडरच्या भिंतीला केसासारखा तडा. आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकता आली असती. पण ज्याने मोजलं त्यानेच मान हलवली. भिंती इतक्या पातळ झाल्या होत्या की पुढचा तडा कुठे जाईल ते सांगता येत नव्हतं.

तेव्हा काका, मी जे काढलं ते गाडीचं पहिलं इंजिन नव्हतंच. ते माझ्या जन्माच्या आधीच कुठेतरी भंगारात गेलं असेल.

आता रेडा. 5.3 लिटरचं हे एलएम7 मी 2002 च्या सिल्व्हेराडो पिकअपमधून घेतलं, हे खरं. पण त्याचं घराणं बघा. 1955 साली मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक हे आठ सिलिंडरचं इंजिन आलं, 265 घनइंचांचं. तुमचं 350 त्यातलंच. त्यात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर 4.40 इंच होतं. 1997 मध्ये कॉर्व्हेटमध्ये एलएस1 आलं तेव्हा आतलं बहुतेक सगळं नव्याने आखलेलं होतं, पण हे अंतर तेच ठेवलं. एलएम7 हे त्या एलएस1 चं बिडाच्या ब्लॉकचं भावंड. हेड ॲल्युमिनियमची, आणि क्रँक धरणाऱ्या प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट: चार उभे, दोन आडवे. आणि जुनं 350 तरी काय, फक्त कॅमेरोत बसत होतं का? तेही वर्षानुवर्षं शेव्हरोलेच्या ट्रकांत राबलंच.

ताकदीचं बोलायचं तर 1972 चं 307 कारखान्यातून निघालं तेव्हा 130 हॉर्सपॉवरचं होतं. 2002 चं हे 5.3 285 चं आहे. दोन्ही आकडे नेट आहेत, म्हणजे सगळे जोडभाग लावून मोजलेले, त्यामुळे तुलना सरळ आहे. 1971 पर्यंतचे फुगीर ग्रॉस (जोडभागांशिवाय मोजलेले) आकडे यात धरू नका.

"आणलं, बसवलं, झालं" हे मात्र मला मान्य नाही. ट्रकचं तेलाचं चेंबर इतकं खोल असतं की ते नोव्हाच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर) टेकतं, म्हणून दुसरं, पुढून उथळ चेंबर लावावं लागलं. फाउंडेशनला, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या टेकूंना, ॲडॉप्टर पट्ट्या आल्या. एसीचा कॉम्प्रेसर ट्रकच्या जागी ठेवला तर चासीत घुसतो. कार्ब्युरेटरला 5-7 पीएसआयने पेट्रोल पुरतं, याला 58 लागतं, म्हणजे टाकीपासून पंप आणि लाइन नवीन. हेडमधून वाफ बाहेर नेणारी बारीक नळी रेडिएटरला जोडावी लागते, नाहीतर आत वाफ अडकते आणि हेड तापतं.

आणि एवढं करून पहिल्या दिवशी सेल्फ मारला तर ऑइल प्रेशरचा काटा बारावर. मी लगेच बंद केलं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चेंबर परत खाली. पंपात जी तेल ओढणारी नळी बसते तिच्या तोंडाशी एक ओ-रिंग असते, करंगळीत अंगठीसारखी बसेल एवढी. नळी एकाच बोल्टने आवळली जाते. बोल्ट कसताना नळी जराशी तिरकी झाली आणि ओ-रिंगच्या कडेचा नखाएवढा लचका तुटला. तिथून पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. नवी रिंग घातली, तिला तेल लावलं, नळी हाताने सरळ दाबून धरली आणि मगच बोल्ट कसला. काटा चाळिसाच्या वर गेला आणि तिथेच राहिला. यात कारागिरी नाही असं तुम्ही म्हणू नये.

कॉम्प्युटरबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल मोजून देणाऱ्या यंत्राबद्दल, एवढंच. मी मिशिगनमध्ये राहतो. ही गाडी इथल्याच विलो रनच्या कारखान्यात बनलेली आहे. गारठ्यात चोक ओढून, पेडल दोनदा मारून गाडी उठवण्यात मजा आहे, हे मला मान्य. पण मला ती रोज चालवायची होती. जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन संथ ठेवणारा गिअर, नव्हता. ताशी 70 मैलांना इंजिन 2800 आरपीएमच्या आसपास गरजायचं, शेजारच्या सीटवरचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता चार गिअरचा 4एल60ई आहे, शेवटचा गिअर 0.70 चा. त्याच वेगाला साधारण 1950. माझी मुलगी मागच्या सीटवर झोपते.

माझे वडील सांगलीत अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचे. त्या गाड्यांना कुणी रेडा म्हटलं नाही, कारण त्या दारात उभ्या न राहता लग्नांना, दवाखान्यांना, पंढरपूरला जायच्या. मी शिकलो ते तिथेच.

तुमचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. ज्या गाडीत ठोकलेला नंबर जुळतो, तुमच्या कॅमेरोसारखी, तिचं इंजिन काढू नये. बिघडलं तर स्लीव्ह टाका, वेल्ड करा, वर्षभर थांबा, पण तेच बसवा. अशा गाड्या दर वर्षी कमी होत आहेत. कुणी माझा लेख वाचून तसलं इंजिन उतरवलं तर मला वाईट वाटेल. लेखाच्या सुरुवातीला आज तशी सूचना घातली आहे. माझ्या नोव्हात मी काही कापलेलं नाही. क्रॉसमेंबर, फायरवॉल, सगळं जिथल्या तिथे आहे. उद्या कुणाला 307 बसवायचं असेल तर बोल्टने बसेल.

जुन्या 350 वरचा क्वाड्राजेट मी टाकलेला नाही, कापडात गुंडाळून ठेवला आहे. प्रायमरी शाफ्टची भोकं झिजली आहेत, बुश घालावे लागतील, पण बॉडीला कुठे तडा नाही. तुमच्या कॅमेरोला सुट्या भागांसाठी उपयोगी पडणार असेल तर इथेच कळवा, मी पाठवून देतो.