सिकलसेलच्या भागात एप्रीचं गणित चालते का? कमेंटला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं की आपल्या गडचिरोली-गोंदियाकडं सिकलसेल, मलेरिया एवढा असताना एसजीओटी (लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) अन् प्लेटलेटवरून, म्हणजे एप्रीच्या आकड्यावरून, लिव्हर किती कडक झालं ते सांगणं म्हणजे दिशाभूल, पेशंटला सरळ नागपूरला फायब्रोस्कॅनला (लिव्हरचा कडकपणा मोजणारी मशीन) पाठवा. पहिली अर्धी गोष्ट पटली जी, दुसरी नाही.

आधी गणित. एसजीओटी नॉर्मल मर्यादेच्या किती पट ते काढा, प्लेटलेटनं भागा, शंभरनं गुणा. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख, तर एप्री आला २. प्लेटलेट हजारात धरायचे, म्हणजे १ लाखाचे १००, आपल्याकडले लॅबवाले लाखात छापतात अन् लोक तिथं १ टाकून २०० काढतात, मंग रात्रभर झोप नाही.

आता तुमचा मुद्दा. मलेरियात प्लेटलेट पडतात, डेंग्यूत प्लेटलेट पडून वर एसजीओटीही चढते, सिकलमध्ये लाल पेशी फुटून त्यांच्यातलं एसजीओटी रक्तात येते, लिव्हरला व्रण नसला तरी आकडा फुगतो. म्हणून तापातल्या रिपोर्टवर हे गणित करायचंच नाही, ताप उतरून प्लेटलेट जागेवर आले की पुन्हा तपासा. एसएस पेशंटचा (आई-बाप दोघांकडून सिकल आलेल्याचा) आकडा तर मी धरतच नाही, त्याला खुशाल नागपूरला पाठवा. एएसवाल्याला (एकाच बाजूनं आलेला, नुसता वाहक) सहसा ही अडचण नसते.

पण बाकीच्यांना काऊन पाठवता? हिपॅटायटिस बी-सीनं लिव्हर सुजून एसजीपीटी (लिव्हरचंच दुसरं एन्झाइम) खूप चढली असली तर फायब्रोस्कॅनही जास्तच दाखवतो, जेवून गेलं तरी जास्त, तीन तास उपाशी राहा लागते, हे सांगतच नाही कोणी, माणूस रोवणी सोडून, मजुरी बुडवून, डबा खाऊन जाते. अन् डब्ल्यूएचओच्या २०२४ च्या हिपॅटायटिस बीच्या गाइडलाइनमध्ये मोठ्या माणसांसाठी एप्री ०.५ च्या वर किंवा फायब्रोस्कॅन ७ किलोपास्कलच्या वर, दोन्हीतलं काहीही एक असलं तरी औषधाचा विचार करा असं आहे. एप्री १ च्या वर गेला तर सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर पार कडक होणं) धरून चालतात. २०१५ मध्ये हीच रेघ २ वर होती, तिच्यात लय पेशंट सुटत होते.

फिब-४ (एप्रीसारखंच रक्ताच्या रिपोर्टवरचं दुसरं गणित) मध्ये वयही गुणतात, त्यामुळं ६५ च्या पुढच्यांना तो उगाच जास्त येते, पस्तिशीच्या आतल्यांसाठी भरवशाचा नाही.

एक मात्र तुमच्या कमेंटमध्ये सुटलं. हिपॅटायटिस सीचा कोर्स झाला की एसजीओटी उतरते, एप्रीही धाडकन खाली येते, लोकांना वाटते लिव्हर सुधरलं. सूज गेली असते, व्रण तिथंच असू शकतो, म्हणून ज्याला आधी सिरॉसिस निघाला त्यानं एप्री कितीही कमी येवो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची.