चुन्याला दम नसतो, हे कुणी सांगितलं?

एक मजकूर सध्या घरोघरी फिरतोय. मलाच तीन नातेवाइकांनी पाठवला. "जुन्या वाड्यात लाखो रुपये ओतू नका. चुन्याला दम नसतो, सिमेंट मारा. नाहीतर सरळ पाडा आणि आरसीसीत हुबेहूब उभारा. वारसा वगैरे श्रीमंतांचे चोचले." वाडा विकायला निघालेली माणसं यावर विश्वास ठेवतात, म्हणून उत्तर देतोय.

आधी चुन्याचा दम. पुण्याच्या शनिवारवाड्यातले महाल 1828 च्या आगीत जळाले. चुन्यात बांधलेला दगड-विटांचा तट आजही उभा आहे. याउलट मुंबईत इमारतीला 30 वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्यानेच करावं लागतं, कारण आरसीसीतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. सिमेंट वाईट नाही, ते जुन्या भिंतीचं नाही एवढंच. जुनी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. चुन्याचा गिलावा त्या ओलीला बाहेर जाऊ देतो. सिमेंट तिची वाट अडवतं, मग क्षार विटेतच साचतात आणि वीट आतून फुटत जाते.

हे मी आजोळी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या भिंतीला ओल येते म्हणून कंबरेपर्यंत सिमेंट थापलं होतं. चार पावसाळ्यांत ओल छातीपर्यंत चढली. पापुद्रा काढला तर मागची वीट नखाने निघत होती, बाजरीच्या पिठासारखी. शेजारच्या सागवानी चौकटीचा पाय काळा पडला होता. सगळं सिमेंट खरवडलं, भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली, मग पाण्यात विरवलेल्या चुन्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून गिलावा केला. चौकट बदलली नाही. कुजलेला वीतभर भाग कापून जुन्याच सागाचा जोड दिला. आज त्या भिंतीला पाठ टेकून बसता येतं.

"हुबेहूब उभारा" म्हणणाऱ्यांनी एकदा जुन्या तुळईवरचे तासणीचे घाव पाहावेत. सुताराचा हात कुठे थांबला, कुठे वळला ते लाकडावर दिसतं. ते साच्यात ओतता येत नाही. हुबेहूब म्हणून जे उभं राहतं, त्याच्यावर बहुधा चार मजले आणि खाली दुकानं असतात.

काही वाडे खरोखरच वाचण्यापलीकडे गेलेत, हे मान्य. पण ते चुन्यामुळे नाही गेले. मालमत्ता पत्रकावर वीस वारस, भाडेकरूंचं भाडं पन्नास वर्षांपूर्वीचं, कौल फुटलं तर शाकारायचं कुणी यावर भाऊबंदांत अबोला. पाणी तिथून आत शिरतं.

राहिला चोचल्यांचा मुद्दा. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडलं, 2016 मध्ये दुरुस्त होऊन उघडलं आणि तिथे पुन्हा प्रयोग होतात. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असंच सावरलं. 2005 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला. तिथे शाळांच्या सहली जातात. आणि खर्चाचं म्हणाल, तर आमच्या भिंतीवर गेलेल्या पैशातला मोठा वाटा गवंडी आणि सुताराच्या मजुरीचा होता. तो गवंडी आता सत्तरीचा आहे. विरवलेला चुना बोटांत चोळून "आता लावा" म्हणणारा आमच्या तालुक्यात दुसरा मला सापडला नाही.