बेअरिंग गेलंय

रविवारी दुपारी अडीचला माझ्या अल्बमचा चौथा ट्रॅक रेकॉर्ड होत होता आणि एकतिसाव्या मिनिटाला तो मेला. कारण खाली येईलच, आधी राग नीट काढू दे.

मॉड्युलर सिंथ म्हणजे काय हे पुण्यात कुणाला विचारायच्या भानगडीत पडू नका. विजेवर सूर काढणारं वाद्य, लाकडी खोक्यात बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे मॉड्यूल, त्यावर बटणं आणि भोकं, एका भोकातून दुसऱ्या भोकात वायरी. 1995 च्या आसपास जर्मनीत डोएफर कंपनीनं या पट्ट्यांची युरोरॅक नावाची मापं पाडली आणि तेव्हापासून जगभरातली चांगली कमावती माणसं भिकेला लागली. माझे पगार किती गेले ते घरात माहीत नाही, माहीत होणारही नाही. वायरीसुद्धा इकडे धड मिळत नाहीत, तापकीर गल्लीत साडेतीन एमएमची मोनो वायर मागितली तर दुकानदार म्हणाला, मोनो आता कोण घेतं, ब्लूटूथ घ्या.

तर कोथरूड, पहिला मजला, दारं-खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद. दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणाऱ्या पट्ट्या, एक 55 हर्ट्झला, दुसरा त्याच्या केसभर वर, म्हणजे दोघांची लाट दर तीन-साडेतीन सेकंदाला एकदा फुगते आणि ओसरते. तो केसभर फरक जमवायला मला अर्धा तास लागला होता. घुंऽऽई... घुंऽऽई. डोळे मिटून बसलो होतो. बेल वाजली.

दारात तळमजल्यावरचे काका आणि त्यांच्यामागे पंपवाला. सोसायटीचा पंप घरघरतोय म्हणून काकांनी रविवारी, दुपारी, एक ते चारमध्ये, स्वतःची झोप मोडून त्याला बोलावलं होतं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. पंप तर बंद निघाला. मग हे दोघं भिंतीला कान लावत लावत वर आले.

मी ओठावर बोट ठेवलं. काका जोरात म्हणाले, "का रे, कोण आजारी आहे का?"

"काका, रेकॉर्डिंग चालूये. गाणं आहे हे."

काका दोन मिनिटं उभे राहिले. खरंच ऐकत होते. मग म्हणाले, "शब्द कधी सुरू होणार?"

"शब्द नसतात यात. तानपुरा समजा."

"दर डिसेंबरला सवाईला बसतो मी. तानपुऱ्यापुढे कुणीतरी गायला बसतं. तुझा तानपुरा एकटाच बसलाय."

यावर मी काही बोलू शकलो नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही, याचाच जास्त राग आहे. इंग्लंडच्या ब्रायन इनोनं 1978 मध्ये विमानतळासाठी असला अल्बम केला हे सांगणार होतो, पण काका म्हणाले असते, लोहगावला लाव मग.

तोवर पंपवाला आत. चप्पल दाराशी काढून, अगदी अदबीनं. वायरींकडे बघून म्हणाला, "पॅनल उघडंच ठेवलंय साहेब?" मग खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजत होता. खोलीत कुणी हललं नाही.

"तीन सेकंदाला एकदा घासतंय," तो म्हणाला. "बेअरिंग गेलंय."

खोटं कशाला बोलू, पोटात गलबललं. चार मित्रांना याआधीचा ट्रॅक पाठवला होता, एकानं अंगठा पाठवला, तिघांनी तेवढंही नाही. आणि ह्या माणसानं तो केसभर फरक स्क्रूड्रायव्हरनं पकडला! 1969 साली अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत मूग कंपनीचा असाच सिंथेसायझर आला होता, तिथेही कुणी असा कान लावणारा भेटला असेल का, असं काहीतरी माझ्या डोक्यात चालू होतं तेवढ्यात पंपवाला सवयीनं ओरडला, "काका, मेन पाडा!"

काका जिन्यात मीटरपाशीच होते. त्यांनी पाडला.

टुक्.

मॉड्युलरला सेव्ह नसतं. वायरी होत्या तिथेच होत्या, पण रँडम मॉड्यूलनं आपणहून जमवलेली सुरांची साखळी लाइटबरोबर गेली, आणि ऑसिलेटर गार झाले की परत तापून जागेवर यायला वेळ खातात. काका मात्र खूश. "बघ, थांबलं की नाही?"

व्हिजिटचे साडेतीनशे मी दिले. "आवाज तुझा, व्हिजिट तुझी." लाइट कमिटीच्या पैशानं, पंप कमिटीच्या पैशानं, माझ्याच छळाचं बिल तेवढं माझ्या नावावर, आणि वर ग्रुपवर मेसेज, पहिल्या मजल्यावरील तांत्रिक बिघाड दूर केला आहे.

काल सकाळी सोसायटीचा पंप खरंच जळाला. बुधवारपासून घरघरत होता म्हणे. सगळ्यांनी ऐकलं, कुणी तक्रार केली नाही, सगळ्यांना वाटलं मीच आहे. आता बादल्या घेऊन माझ्याकडेच बघतायत.