पाइप चोकअप आहे, सर

गणपतीत सोसायटीच्या सेक्रेटरींनी गळ घातली, ‘‘सर, पंधरा मिनिटं काहीतरी ज्ञानवर्धक बोला.’’ मी विषय लिहून दिला : ‘निसर्गातली अदृश्य बले’. नोटीस बोर्डावर लागलं, ‘अदृश्य शक्तींचा अनुभव’. विचारलं तर म्हणाले, ‘‘ ‘बले’ कोणाला कळणार? लोकांना वाटायचं, व्याख्यान बळेबळे ठेवलंय.’’ बलाच्या जागी शक्ती लिहिलं म्हणून मी तीस वर्षं पोरांचे मार्क कापत आलो. (त्यांत यांचा मुलगाही होता, हे नंतर आठवलं.)

गर्दी मात्र तोबा झाली. पहिल्या रांगेतल्या काकूंनी नातवाला काळा दोरा बांधून आणलं होतं.

फ्रिजवरचं चुंबक धरून मी टेबलावरची टाचणी उचलली. ‘‘खालून 12,700 किलोमीटर व्यासाची अख्खी पृथ्वी ओढतेय, वरून हे एवढंसं चुंबक. जिंकलं कोण? निसर्गातल्या चार मूलभूत बलांत गुरुत्वाकर्षण सगळ्यांत दुबळं!’’

‘‘दुबळं?’’ चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. ‘‘लिफ्ट बंद असताना माझे गुडघे घेऊन चढून दाखव रे.’’

मी घाईघाईने स्पर्शाकडे वळलो. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा आपले इलेक्ट्रॉन आणि खुर्चीचे इलेक्ट्रॉन एकमेकांना फार जवळ येऊ देत नाहीत. त्या ढकलण्यालाच आपण स्पर्श म्हणतो, वगैरे.

‘‘म्हणजे कोणी कोणाला शिवतच नाही?’’ पुन्हा आजीच.

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘अगं बाई! आणि सोवळ्यात शिवले म्हणून सासूबाईंनी मला एका दिवसात तीनदा आंघोळ घातली होती!’’

यापुढे सभा माझ्या हातात नव्हती. हुकमाचा एक्का तेवढा उरला होता : एसीवाल्याकडून मागून आणलेली मीटरभर तांब्याची नळी. नळी उभी धरून आधी लोखंडी नट सोडला. खटकन खाली. मग निओडिमियमचं चुंबक सोडलं. एक... दोन... तीन... चार... पाचव्या सेकंदाला मागून आमच्या प्लंबरचा आवाज आला, ‘‘पाइप चोकअप आहे, सर. तार घालू का?’’

मी म्हटलं, तूच बघ. त्याने नळीतून आरपार पाहिलं, फुंकर मारली, ठोकून पाहिलं. पुन्हा चुंबक सोडून वरून डोळा लावला. चुंबक आत कुठे अडकत नव्हतं. वरातीतल्या नवरदेवासारखं सावकाश खाली चाललं होतं.

मग मी लेंझचा 1834 सालचा नियम सांगितला. चुंबक खाली सरकलं की तांब्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, त्या बदलामुळे तांब्यात वीज खेळू लागते, आणि ती वीज ज्या बदलातून जन्मली त्यालाच विरोध करते. चुंबक थांबलं तर विरोधही थांबेल, म्हणून ते कायमचं अडकत नाही, नुसतं रखडतं.

‘‘आपल्या जनरल बॉडीसारखं,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘पार्किंगचा ठराव तीन वर्षं या नळीतच आहे.’’

टाळ्या पडल्या त्या या वाक्याला. तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

आरतीनंतर माझ्याभोवती घोळका जमला. शंका कोणाचीच नव्हती. एकीची सुई गादीत गेली होती, दुसरीची सेफ्टी पिन सोफ्यात. चुंबक दोन दिवस मिळेल का, एवढंच. पण ते प्लंबर सोडायला तयार नव्हता. प्रसाद संपेपर्यंत कोपऱ्यात बसून तो ते नळीतून सोडत होता. शेवटी दोन्ही वस्तू माझ्या हातात ठेवत म्हणाला, ‘‘सर, पाइप एकदम क्लिअर आहे.’’