पुढील स्टेशन, मस्जिद

आज सकाळी हार्बरला लेडीज डब्यात उभी होते, सँडहर्स्ट रोड गेलं आणि अनाउन्समेंटवाली बाई नेहमीसारखी बोलली, पुढील स्टेशन मस्जिद. लगेच बाजूची एक मुलगी, चांगली नोकरी करणारी, गळ्यात आयकार्ड, म्हणते, "अजून हेच नाव? एवढी नावं बदलली, हे कशाला ठेवलंय?" आणि चौघीजणींनी माना डोलावल्या. एक काकू तर नवीन नावं सुचवायला पण लागल्या. मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, पुढे सीएसएमटीला उतरायचं होतं, दारात रेटारेटी, आणि सकाळी सकाळी लेक्चर झोडणारी बाई व्हायचं नव्हतं. पण दिवसभर डोक्यात तेच. म्हणून आता लिहितेय. भांडी सिंकमध्ये पडलीत, पडू देत.

अहो बायांनो, ती मशीद ज्यूंची आहे. आणि ज्यू म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर येतात ते लांब काळा कोटवाले परदेशी नाहीत, आपले, अलिबाग-पेणकडचे, दिवेकर, पेणकर, रोहेकर, घरात मराठी बोलणारे.

आम्ही सात रस्त्याजवळ चाळीत राहायचो हे जुन्या लोकांना माहितीय. आमच्यापासून दोन खोल्या सोडून एक आजी राहायच्या, अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं पक्कं अलिबागकडचं. एका शनिवारी मी विचारलं आजी कुठे गेलेलीस, तर म्हणाली, "मशिदीत गो." मी आठ-नऊ वर्षांची, थेट विचारलं, "मग तू मुसलमान आहेस?" आईने कपाळाला हात लावला. आजी मात्र एवढी हसली की तिला ठसका लागला. आणि पुढच्या सणाला मला घेऊनच गेली, बघ म्हणाली आमची मशीद. एरवी ती जवळच्या टिफेरेथ इस्राएल ह्या त्यांच्या मशिदीत जायची, पण तो सण मोठा म्हणून आम्ही ट्रेनने मस्जिदला उतरलो, हातगाड्या चुकवत, तिने माझं मनगट धरलेलं, सॅम्युएल स्ट्रीट.

तर ही सॅम्युएल स्ट्रीट कोणाच्या नावाची, तर सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत होता. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, तिथे नवस बोलला की सुटलो तर देवाचं घर बांधीन. सुटका कशी झाली याची गोष्ट त्यांच्यात अशी सांगतात की टिपूच्या आईने रदबदली केली, कारण बनी इस्राएल (आपल्या ह्या कोकणी ज्यूंना बेने इस्रायली म्हणतात, तेच हे) हे नाव तिला कुराणातून माहीत होतं. आख्यायिका आहे, कोर्टात टिकणार नाही, पण मला फार आवडते. नवस मात्र त्याने खरोखर फेडला. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, उभं राहिलं, नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. पुढे १८६० मध्ये आत्ताच्या जागेवर आलं. आणि आमची आजी किंवा तिची आजी, कोणीही त्याला सिनेगॉग म्हणत नव्हतं, जिभेवर बसलेला शब्द मशीद. ही जुनी मशीद, आणि १८४० ला दुसरं झालं ती नवी मशीद. स्टेशनचं नाव ह्याच मशिदीवरून पडलं असं मानतात.

हो, काहीजण म्हणतात त्या भागात मुसलमानांच्या मशिदी पण आहेतच की, नाव त्यांच्यावरून असेल. असेलही. आणि असलं तरी काय बिघडलं हे मला त्या काकूंना विचारायचं होतं, पण त्या तोवर दुसऱ्या स्टेशनवर पोचल्या होत्या.

खरा संताप मला संध्याकाळी आला. शाळेच्या ग्रुपवर एकीने काळ्या घोड्याच्या सिनेगॉगचा रील टाकला, वर लिहिलेलं, मुंबईतलं मिनी युरोप, हार्टचे बदाम बदाबदा. आता ते सुंदर आहे हे मान्य, रंगीत काचांमधून ऊन आत येतं तेव्हा मी पण गप्प झालेय. केनेसेथ एलियाहू, १८८४, जेकब ससूनने बापाच्या आठवणीसाठी बांधलं, गोस्टलिंग आणि मॉरिस हे आर्किटेक्ट. २०१९ ला डागडुजी होऊन उघडलं तेव्हा बाहेरचा तो प्रसिद्ध निळा रंग गेला म्हणून हळहळणारेही भरपूर होते. भायखळ्याचं मागेन डेव्हिड पण तसंच, डेव्हिड ससूनचं, पुढे उंच खांब, वर घड्याळाचा मनोरा, बाहेरून बघितलं तर चर्चच वाटेल. (त्याच्या आवारातल्या ससूनच्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत, हे कोणी रीलमध्ये सांगत नाही.) पण ही सगळी बगदादी ज्यूंची, म्हणजे बगदादकडून आलेल्या गडगंज व्यापाऱ्यांची. त्यांच्यातले बरेचजण आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींना बरोबरीचं मानायला नाक मुरडायचे. श्रीमंताच्या घरासमोर सेल्फी आणि तेल्याच्या घराचं स्टेशनवरचं नावही नको, असा हा हिशोब झाला.

तेल्याचं मुद्दाम म्हणतेय. कोकणात ह्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्यातली कथा अशी की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांची ही सगळी लेकरं. ग्रंथ सगळे बुडाले, शनिवार तेवढा लक्षात राहिला. सणांची नावं तर ऐका, खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. बिरड्याचा सण! वाल सोलून बोटं काळी झालेल्या बाईनेच हे नाव ठेवलेलं असणार, कुठल्या धर्मगुरूची ती छाती नाही.

तर आजीबरोबर मी आत गेले. बायकांना वर गॅलरीत बसायचं. मला आधी राग आला, खाली सगळं चाललंय आणि आपण वर. आजही येईल, तो भाग काही मला पटत नाही. पण वर बसल्यामुळे झालं काय, छताला टांगलेले दिवे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आले. काचेचे पेले, खाली पाणी, वर तेलाचा थर, त्यात तरंगणारी वात. खाली मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, त्यावर उभं राहून वाचतात, आणि पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे कपाट, त्यात तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या. पश्चिमेला का, तर इथून जेरुसलेम पश्चिमेला. मी आजीला विचारलं देव कुठाय. तिने कपाटाकडे बोट नाही केलं, मूर्ती नसते वगैरे समजावलं पण नाही. त्या कपाटापुढच्या दिव्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे नंदादीप असतो ना, तो विझू देत नाय, तसाच हा." बस. हेच मी आज ट्रेनमध्ये सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

आणि नवस फिटला की मलिदा. त्यांचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याच्या नावाने. पोहे, ओलं खोबरं, गोड, वेलची, फळं, वर फुलं. आजी स्टीलच्या ताटलीतून आणून द्यायची आणि आई ताटली कधी रिकामी परत करायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर.

मग एक दिवस आजी मुलाकडे इस्राएलला गेली. चाळीतले सगळे एअरपोर्टला, टेम्पो करून. ह्या लोकांना कोणी हाकललं नाही, हे मला कमेंटमध्ये कोणीतरी ऐकवेलच, म्हणून आधीच म्हणते, बरोबर आहे, आपल्या मर्जीने गेले, तिकडे घर मिळालं, नोकऱ्या मिळाल्या. पण २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू पाच हजारसुद्धा भरले नाहीत. इथे ठाण्याच्या एका कॉम्प्लेक्समध्ये त्याहून जास्त माणसं राहतात. ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून तुम्ही रोज वरळीला कामाला जाता ते मोझेस म्हणजे एलायजा मोझेस राजपूरकर, १९३७ ला ह्या शहराचे महापौर. राजपूरकर! रस्त्याच्या पाटीवर तेवढंच आडनाव गाळलंय.

रागाच्या भरात जास्तच लिहिलं. ती मुलगी वाईट नव्हती बहुतेक. उतरताना तिने माझी अडकलेली ओढणी सोडवून दिली. तिला कोणी मशिदीत नेलंच नाही, मनगट धरून, तर तिला कसं कळणार, आणि नेणारं माणूस आता चाळीत उरलंय कुठे.

ती शेवटची ताटली आमच्याकडेच राहिली. जायच्या आठवड्यात आजीने मलिदा आणून दिला, सामानाच्या गडबडीत आई परत द्यायला विसरली. मघाशी माळ्यावरून काढली. मागे ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, मराठीत, आडनावाच्या शेवटी 'कर', खाली लग्नाची तारीख. मी रविवारी सॅम्युएल स्ट्रीटला जातेय, कोणाला यायचं असेल तर आयकार्ड ठेवा, २६/११ नंतर बाहेर पोलीस असतात आणि विचारपूस होते. मस्जिदला उतरायचं, पश्चिमेला.

एडिट: तिघींनी इनबॉक्समध्ये विचारलं मलिद्याला पोहे जाड की पातळ. आजी जाड घ्यायची. धुवून चाळणीत निथळत ठेवायचे, आणि खोबऱ्यात हात आखडायचा नाही.