किल्ला मुलांनी करायचा असतो

"दिवाळीचा किल्ला मुलांनी करायचा असतो. आपण फक्त लक्ष ठेवायचं," असं सांगणारी माणसं मला दर वर्षी भेटतात. त्यांच्या घरी एक तर मुलं नसतात, नाहीतर पार्किंगमध्ये जागा नसते.

साताऱ्यात तर या उद्योगाची काही गरजच नाही. गोडोलीतल्या आमच्या गॅलरीत उभं राहून मान जरा वर केली की समोर अख्खा अजिंक्यतारा. खरा, दगडी, शिलाहारांच्या काळापासून बांधून तयार. त्याला रोज पाणी मारावं लागत नाही आणि त्याच्यावर मांजर झोपत नाही. अशा तयार किल्ल्याच्या पायथ्याशी, दोन स्कूटरच्या मधल्या जागेत, विटा आणि गोणपाट घालून दुसरा किल्ला का उभारायचा, हा प्रश्न मी विचारला होता. उत्तर मिळालं, "सोसायटीत स्पर्धा आहे."

स्पर्धा म्हटल्यावर पहिली सभा जेवणाच्या टेबलावर भरली. आमच्या अथर्वला प्रतापगड हवा होता. कारण शाळेत सांगितलं होतं, की २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले आणि त्यात सातारा जिल्ह्यातला प्रतापगडच आहे. ईराला सिंधुदुर्ग हवा होता. तोही यादीत आहे, पण तिला यादीशी कर्तव्य नव्हतं. तिला पाणी हवं होतं. पाण्यात होडी, होडीत बाहुली.

"आणि अजिंक्यतारा?" अप्पांनी विचारलं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, म्हणजे पगारापुरते.

"तो यादीत नाहीये आजोबा."

अप्पांनी भाकरी ताटात ठेवली. "यादीत न्हाई? आरं, १६७३ ला महाराजांनी घेतलेला किल्ला हा. १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक हितंच झाला. हिंदुस्थानचा कारभार हितनं चालला आणि यादीत न्हाई? मग यादी चुकली."

युनेस्कोची चूक आमच्या पार्किंगमध्ये दुरुस्त करायचं ठरलं. पण मुलंही हटेनात. शेवटी तोडगा निघाला तो असा: वर अजिंक्यतारा, उतारावर प्रतापगड आणि खाली सिंधुदुर्गाचा समुद्र. महाराष्ट्राच्या भूगोलाला घरच्या शांततेसाठी एवढं सोसावंच लागतं.

मग माती. माझ्या लहानपणी माती ही आणायची वस्तू नव्हती, ती सगळीकडे असायची आणि घरात येऊ नये म्हणून ओरडा बसायचा. आता सोसायटीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. मी नर्सरीतून एक पोतं विकत आणलं. अप्पांनी चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "हे कुंडीचं सामान. ह्यात निम्मं गांडूळखत. ह्याचा किल्ला करशील तर उगवंल, पण उभा ऱ्हाणार न्हाई."

त्यांनी लिंबला चुलतभावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून काळी माती आली आणि वेगळ्या पोत्यात मुरूम. मी म्हटलं, "अप्पा, एवढं?" तर त्यांनी मला तिथेच पार्किंगमध्ये बसवून मातीचं धरण कसं बांधतात ते शिकवलं. गाभ्यात काळी माती, कारण ती पाणी धरते. पण ती वाळली की भेगाळते, म्हणून बाहेरून मुरूम. "अन् कोयना?" अथर्वनं विचारलं. तो नेहमी विचारतो, आणि अप्पा त्याचीच वाट बघत असतात. "कोयना मातीची न्हाई. रबल काँक्रीट. १०३ मीटर उंच. १९६७ चा भूकंप पचवून उभी हाय." अप्पा त्या खात्यात लागले भूकंपाच्या पुष्कळ नंतर, पण सांगताना असं वाटतं की ११ डिसेंबरच्या त्या पहाटे भिंतीला पाठ लावून हेच उभे होते.

मुलांचं काम काय होतं? सांगते. पहिले दोन तास ती दोघं चिखलात कोपरापर्यंत होती. मग समोरच्या विंगमधली पोरं क्रिकेटला बोलवायला आली. पुढचा किल्ला मी आणि अप्पांनी बांधला. मुलं ओव्हर संपली की येऊन पाहणी करून जायची. "आई, हा कडा अजून उभा पाहिजे," एवढं बोलून पुन्हा बॅटिंगला.

वरती स्वयंपाकघरात फराळाचं वेगळंच चाललं होतं. या दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढणारी मी एकटीच, कारण नवरा पुण्याला नोकरीला. तो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी निघाला होता. पण दिवाळीत पुण्याहून साताऱ्याला निघणं आणि पोचणं यांत बराच फरक असतो. खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागलेली, हा त्या रांगेत बसून व्हिडिओ कॉलवर मला बांधकामाच्या सूचना देतोय. "पायथा रुंद घे, पायथा!" मी फोन किल्ल्याकडे वळवून धरला होता. त्याला घाटाचा पायथा सुटत नव्हता आणि इकडे किल्ल्याचा पायथा रुंद करायची घाई. शेवटी मी फोन बालेकिल्ल्यावर उभा करून ठेवला आणि चकल्या तळायला वर गेले. खाली अर्धा तास तो मांजराशी बोलत होता असं नंतर कळलं.

चकल्यांचं सांगायलाच हवं. भाजणी सासूबाईंची. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे, सगळं त्यांच्या हातचं, त्यांच्या मापानं भाजलेलं. पीठ मी भिजवलं. चकली सोऱ्यातून पडताना तुटायला लागली. आता चकली तुटते तेव्हा मोहन जास्त झालं, का पीठ घट्ट झालं, का भाजणीतच काही कमी-जास्त, यावर आमच्या घरात उघड चर्चा होत नाही. नुसतं "हं" म्हटलं जातं. सासूबाई "हं" म्हणाल्या. मीही "हं" म्हणाले. मी पिठाला पाण्याचा हात लावून पुन्हा मळायला घेतलं, आणि तेवढ्यात सोऱ्या नाहीसा झाला.

तो खाली सापडला. सासूबाईंच्या माहेरचा पितळी सोऱ्या. ईरानं त्यात काळी माती भरली होती, चांदणीची चकती लावलेलीच होती, आणि ती गोल गोल चकल्या पाडून एकावर एक रचत होती. बुरूज! काटेरी, पीळदार, एकसारखे बुरूज. मी ओरडायला तोंड उघडलं, पण सासूबाई माझ्या आधी खाली पोचल्या होत्या. त्या वाकल्या, मातीची एक चकली हातावर घेऊन उलटी-सुलटी करून बघितली.

"हिच्या नाही बघ तुटत," त्या म्हणाल्या.

सोऱ्या चिंचेनं घासून पुन्हा चकल्या पडेपर्यंत रात्र झाली. शंकरपाळी उरकली, करंज्या बऱ्या झाल्या. आकाशकंदील विकत आणला. कामट्या, पतंगी कागद, खळ हे सगळं मला येतं, पण या वर्षी मी ते कुणाला कळू दिलं नाही.

खरा भडका उडाला तो अळिवावरून. किल्ल्यावर हिरवळ हवी तर चार-पाच दिवस आधी पेरायला लागतं. कुणी गहू पेरतं, कुणी मोहरी, कुणी नाचणी. पण उताराला अळिवासारखं दुसरं काही नाही. पाण्यात भिजवलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, ते उभ्या कड्यालाही चिकटून बसतं आणि दोन-तीन दिवसांत कोंब दाखवतं. हे ज्ञान मुलांना मीच दिलं होतं, कौतुकानं. घरात अळीव आहे हेही त्यांना माहीत होतं. ते कुणासाठी आहे हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. माझी नणंद कराडला बाळंतीण. सासूबाईंनी तिच्या लाडवांसाठी निवडून, पाखडून बरणीत भरून ठेवलेलं अळीव अजिंक्यताऱ्याच्या दक्षिण उतारावर उगवलं.

त्या दिवशी सासूबाई कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी तांब्या घेऊन खाली जायला लागल्या. किल्ल्यावर हलक्या हातानं पाणी शिंपडत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं "वा, काय हिरवळ!" म्हटलं की सांगत, "माझ्या लेकीचे लाडू आहेत ते."

मावळे आणायला राजवाड्याजवळ गेलो. फुटपाथवर रांगेनं मांडलेले: सिंहासनावर महाराज, तोफेजवळ गोलंदाज, भाला घेतलेले मावळे, डोक्यावर घागर घेतलेली बाई, गुहेतला वाघ. या मंडळींना प्रमाण कधीच नसतं. आमचा वाघ मावळ्याच्या गुडघ्याला लागतो आणि घागरवाली दिंडीदरवाजापेक्षा उंच, त्यामुळे ती कायम गडाबाहेर. शेजारी अख्खे तयार किल्ले विकायला होते, प्लास्टरचे, रंगवलेले, दरवाजा-बिरवाजा सगळं. उचलायचा, ठेवायचा, संपलं. मी हळूच किंमत विचारली. अथर्वनं माझ्याकडे असं बघितलं, की फितुरांच्या गोष्टीत पुढच्या वर्षी माझंही नाव येणार.

घरी आल्यावर टॉवरचा वाद झाला. अथर्वनं जुन्या रेडिओची एरियल बालेकिल्ल्यावर खोचली. अप्पा म्हणाले, "काढ ते. शिवाजी महाराजांच्या काळात टॉवर नव्हता."

"पण आत्ता आहे ना? गॅलरीतून बघा. वर टॉवर आहेच."

अप्पांनी गॅलरीतून बघितलं. टॉवर होता. आहेच. ते खाली येऊन काही न बोलता एरियल सरळ करून गेले.

वसुबारसेच्या रात्री परतीचा पाऊस आला. सगळ्या सोसायटीत प्लास्टिकचे कागद घेऊन पळापळ, कुणाचा रायगड वाहिला, कुणाचा राजगड बसला. आमचा किल्ला उभा राहिला, कारण अप्पांनी त्याला सांडवा काढला होता. वरच्या तळ्यात पाणी ठरावीक पातळीला आलं, की ते पन्हाळीतून व्यवस्थित खाली, ईराच्या समुद्रात, आणि समुद्र भरला की पुढे उताराकडे. अप्पा छत्री घेऊन पाण्याची पातळी बघत उभे होते. मी त्यांना इतकं आनंदात कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

पुढे उताराला पाटीलकाकांचं दार होतं. दारात काकूंनी दुपारभर बसून काढलेली ठिपक्यांची रांगोळी होती. होती. काका मूळचे सांगलीचे. कोयनेतून पाणी सोडल्यावर सांगलीत काय होतं ते त्यांना वर्तमानपत्र वाचून कळलेलं नाही; २००५ आणि २०१९, दोन्ही वेळा त्यांच्या घरात कृष्णा येऊन गेलेली. ते दारात उभे राहून गढूळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग वर बघून शांतपणे म्हणाले, "विसर्ग सोडायच्या आधी कळवायची पद्धत आहे, अप्पा."

"वरच्या पाणलोटात पाऊस जास्त झाला," अप्पा म्हणाले.

"इशारा तरी द्यायचा. भोंगा वाजवायचा."

दोघंही हसले नाहीत. हा विषय दोघांनाही हसण्यासारखा नव्हता.

पाडव्याला सकाळी परीक्षक आले. अध्यक्ष म्हणून पाटीलकाका. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. हातात वही, मागे समितीतले दोघं.

"कोणता किल्ला?"

"अजिंक्यतारा." "प्रतापगड." "सिंधुदुर्ग." आणि गॅलरीतून सासूबाई, "अळीव!"

काकांनी वहीत काही तरी लिहिलं आणि अथर्वला माहिती सांगायला लावलं. तेवढं मात्र त्यानं छान केलं. १६९९ साली औरंगजेबानं वेढा घातला तेव्हा प्रयागजी प्रभूंनी गड कसा लढवला, मोगलांनी सुरुंग लावला आणि तट उडून उलटा त्यांच्याच माणसांवर कसा कोसळला, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. समितीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि आम्ही पण लावणार आहोत," ईरा म्हणाली. "भाऊबीजेला. दादानं सुतळी बॉम्ब लपवलाय, सांडव्यात."

काकांनी सांडव्याकडे बघितलं. मग सांडव्यापासून आपल्या दारापर्यंत बघितलं. पुन्हा वहीत लिहिलं.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर बी विंगमधल्या रायगडाला, जो वाहून गेल्यावर पाडव्याच्या पहाटे तिथे पुन्हा अचानक उगवला होता, दरवाजा-बिरवाजासकट. आम्हाला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर किल्ल्याच्या नावापुढे "संकीर्ण" असं लिहिलं होतं.

मुलं खूश होती, कारण उत्तेजनार्थलाही कंपासपेटी होती. नवरा खूश होता, कारण तो एकदाचा पोचला होता. अप्पा मात्र कपाटातून पॅड काढून बसले. कार्बन घातला, समास सोडला आणि लिहायला घेतलं: "मा. अध्यक्ष, किल्ला स्पर्धा समिती यांस. विषय: संकीर्ण या शेऱ्याबाबत हरकत." आत सहा मुद्दे होते, त्यातला चौथा युनेस्कोबद्दल. मी तो अर्ज करंज्यांच्या डब्यासोबत खाली नेऊन दिला. चकल्या सासूबाईंनी देऊ दिल्या नाहीत.

डबा रात्रीच परत आला, चिरोटे भरून. अर्जही परत आला, मागच्या बाजूला काकांच्या वळणदार अक्षरात शेरा: "प्राप्त. रांगोळीच्या नुकसानीचा पंचनामा प्रलंबित असल्याने तूर्त विचार करता येत नाही."

अप्पांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला. "माणूस शिस्तीचा हाय," म्हणाले, आणि स्मरणपत्राचा मसुदा काढायला बसले.