‘लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड चालत नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगलीतल्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या आणि डीटीपी व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत कार्यप्रणालीवर, ग्राफिक्स कार्ड चालत नाही; खुद्द लिनक्सच्या जनकानेच एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीला शिवी दिली होती; ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाकायला गेले की स्क्रीन काळी होते; आणि एकदा जमले तरी पुढच्या अपडेटला सारे पुन्हा बिघडते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण उत्तम चालणारे कितीतरी संगणक गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंतच्या दुकानांत आहेत; त्यांना लिनक्स हा पर्याय आहे. हा संदेश वाचून कोणी असा संगणक भंगारात काढला तर ते नुकसान खरे असेल, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सरसकट आहे आणि तिथेच ते चुकते. अडत दुकानात पट्ट्या काढणारा संगणक बहुधा इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर चालतो आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. एएमडीचा आजचा खुला ड्रायव्हर २०१५ साली कर्नल ४.२ मध्ये आला. त्याच्या वरचा, म्हणजे ओपनजीएल आणि व्हल्कन या चित्र काढून घेण्याच्या पद्धतींचा, भाग मेसा हा प्रकल्प सांभाळतो. या दोन्ही कंपन्यांच्या ग्राफिक्ससाठी सहसा वेगळे काही उतरवावे लागत नाही. कार्ड नुकतेच बाजारात आले असेल तर कर्नलही तितकाच नवा हवा, एवढी एक अट लक्षात ठेवावी.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर सभेत एनव्हिडियाला अपशब्द वापरले, हे खरे आहे. परंतु ती गोष्ट २०१२ ची आहे आणि ती एका कंपनीच्या असहकाराबद्दल होती. त्याच कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे, खुला केला. हे न सांगता जुना प्रसंग तेवढा पुढे पाठवणे मला अप्रामाणिक वाटते.

काळ्या स्क्रीनची तक्रार मात्र खोटी नाही. तिचे कारण चुकीचे सांगितले जाते. विंडोजच्या सवयीने आपण कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवतो आणि चालवतो. ती नूव्हो हा आधीचा खुला ड्रायव्हर बंद करते आणि आपला मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, बसवते. पण यंत्रात सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल, तर ओळखीच्या चावीने सही न केलेला मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. जुना ड्रायव्हर बंद, नवा नाकारलेला, अशा स्थितीत स्क्रीनवर काही येत नाही आणि ग्राहकाला वाटते की कार्ड जळाले. माझ्या स्वतःच्या संगणकावर हे घडले तेव्हा मी दोन दिवस केबल आणि रॅम तपासत बसलो होतो. उबुंटू आणि मिंट ही लिनक्सची वितरणे, म्हणजे वापरायला तयार रूपे. उबुंटूत ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडला, तर सहीची व्यवस्थाही तिथेच होते. काही वेळा त्यासाठी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन दिसते. ती काही सेकंदच थांबते. घाईने ‘कंटिन्यू बूट’ न दाबता ‘एनरोल एमओके’ (सहीची चावी नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही एक पायरी सुटल्यामुळे किती यंत्रे पुन्हा विंडोजवर गेली असतील, याचा विचार केला की वाईट वाटते.

अपडेटने बिघडण्याचे मूळही तेच. हाताने टाकलेला मॉड्यूल त्या वेळच्या कर्नलसाठी बांधलेला असतो. कर्नल बदलला की तो निरुपयोगी ठरतो. वितरणाच्या भांडारातून, म्हणजे त्याच्या अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यातून, घेतलेल्या ड्रायव्हरचा मॉड्यूल नव्या कर्नलबरोबर तयारच येतो, किंवा डीकेएमएस हे साधन तो आपोआप पुन्हा बांधते. तरीही अडचण आलीच, तर ग्रब या संगणक सुरू होतानाच्या मेनूच्या यादीत आधीचा कर्नल शिल्लक असतो.

संदेशात नसलेली, पण खरी अडचण मीच नमूद करतो. आपल्याकडे अनेक दुकानांत जीटी ७१० सारखी जुनी कार्डे आहेत. त्यांना एनव्हिडियाचा ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो आणि कंपनीने त्याची देखभाल थांबवली आहे. तिथे नूव्होवरच राहावे, कार्यालयीन कामाला तो पुरतो. लग्नाचे अल्बम फोटोशॉपमध्ये करणाऱ्यांनी मात्र बदल करू नये, कारण अडोबी ते लिनक्ससाठी देतच नाही; हा प्रश्न ड्रायव्हरचा नव्हे.

हे सारे डिस्कला हात न लावता पडताळता येते. पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालू करावे आणि यंत्राच्या माहितीत ग्राफिक्सपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. कार्डाचे नाव दिसले तर ड्रायव्हर लागला आहे. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले तर चित्र प्रोसेसर काढतो आहे, आणि शोध तिथून सुरू करायचा आहे.